दोन बोटांचा इशारा

चोवीस वर्षांचा मुलगा. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमध्ये हेल्पर. होईस्टनं साच्याचं जड धूड उचलून नेत असताना ते खाली आलं आणि त्याचे दोन्ही पाय मांडीपर्यंत दबले. जो होईस्ट फसला, त्यानंच ते धूड पुन्हा उचलायची कोणाची हिंमत होईना. शेजारच्या प्लॉटवरून हायड्रा क्रेन बोलावली. ती येऊन तो मोकळा होईपर्यंत दीड तास गेला. आमच्या अपघात विभागात आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता, पाणी मागत होता. रक्त फारसं गेलं नव्हतं. सोबत आलेल्यांना वाटलं, थोडक्यात वाचला.

रात्री त्याच्या लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. सकाळपर्यंत लघवी जवळजवळ थांबली आणि रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं. अस्थिव्यंग विभागाचा रुग्ण मेडिसिन विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आला.

याला ‘क्रश सिंड्रोम’ म्हणतात. स्नायू बराच वेळ दाबाखाली राहिला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी फुटू लागतात. दाब असेपर्यंत ते विष तिथेच साठून राहतं. दाब निघाला की ते रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिका बंद पाडतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून ‘सुखरूप’ काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन दगावत होती. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा चार रुग्णांची हकिगत लिहिली आणि या प्रकाराकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

हा मुलगा वाचला. तीन आठवडे डायलिसिस लागलं, उजवा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला. पण हा लेख त्याच्या उपचारांबद्दल नाही. त्याच शेडमध्ये काम करणारे त्याचे मामा तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर मला म्हणाले, त्याबद्दल आहे. ‘साहेब, त्या होईस्टचा ब्रेक आठ दिवस नीट धरत नव्हता. बटण सोडलं तरी लोड दोन बोटं खाली सरकायचा. सगळ्यांना माहीत होतं.’ सुपरवायझरला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ‘सांगितलं ना. म्हणाले, डिस्पॅच झाला की बघू.’

केसपेपरवर मी काय लिहिलं होतं ते आठवलं. ‘कामाच्या ठिकाणी जड वस्तू पायांवर पडून इजा.’ त्यात ते आठ दिवस नव्हते आणि ती दोन बोटंही नव्हती.

यंत्र आधी सांगतं

माल उचलणारी यंत्रं अचानक दगा देतात, हा आपला समज बऱ्याच वेळा खोटा असतो. होईस्टचा ब्रेक साधारणपणे स्प्रिंगच्या जोरावर धरतो. वीज चालू असताना विद्युतचुंबक तो उघडा ठेवतं, वीज बंद झाली की स्प्रिंग तो मिटवते. ब्रेकचं लायनर झिजलं की फट वाढते, पकड ढिली होते आणि लोड थांबायला क्षणभर जास्त लागतो. आज अर्धं बोट, पुढच्या आठवड्यात एक बोट, मग दोन. रोज मोजलं तर हा चढता आलेख कोणालाही दिसेल.

तारदोराचंही तसंच. क्रेनचा दोर एकसंध नसतो. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात सहा पेड असतात आणि प्रत्येक पेडात ३६ तारा, म्हणजे दोनशेच्या वर तारा. दोर पुलीवरून जातो तेव्हा प्रत्येक तार वाकते आणि पुन्हा सरळ होते. एकदा वाकण्यानं काही होत नाही. हजारो वेळा वाकण्यानं धातू थकतो, बारीक चीर पडते, ती वाढते आणि तार तुटते. मग दुसरी, मग तिसरी. पुली जितकी लहान, तितकं वाकणं तीव्र. वंगण सुकलं की तारा एकमेकींवर घासतात. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत गंज आतून पोखरतो आणि दोर बारीक होत जातो.

हे ज्ञान नवं नाही. जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्थालच्या खाणींत लोखंडी साखळ्या वारंवार तुटत. विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्यानं १८२९ च्या सुमारास साखळीवर पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिला. एका वेळी सहज पेलणारा भार हजारो वेळा दिला तर साखळी तुटते, हे त्याला दिसलं. धातूच्या थकव्याचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. याच आल्बर्टनं १८३४ मध्ये लोखंडी तारांचा पीळदार दोर खाणीत वापरात आणला. साखळीची एक कडी तुटली की सगळं संपतं. दोराच्या चार तारा तुटल्या तरी बाकीच्या तारा भार धरून ठेवतात. म्हणजे दोर आपल्याला वेळ देतो. ठरावीक लांबीत किती तारा तुटल्या, जाडी किती घटली, पीळ कुठे सुटला, यावरून दोर कधी काढून टाकायचा, याचे आंतरराष्ट्रीय आणि भारतीय निकष छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ते पाळायला व्हर्निअर कॅलिपर, एक चिंधी आणि पंधरा मिनिटं लागतात.

तपासणीच्या दिवशीची साखर

देखभालीच्या तीन पद्धती असतात. यंत्र मोडलं की दुरुस्त करायचं, ही पहिली. ठरलेल्या तारखेला उघडून पाहायचं, ही दुसरी. तिसरी, यंत्राच्या रोजच्या खुणा मोजत राहायच्या आणि बिघाड होण्याआधी त्याचा अंदाज बांधायचा. उद्योगांत हिला ‘प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स’ म्हणतात. गिअरबॉक्सवर कंपनं मोजणारा सेन्सर बसवतात. बेअरिंगमध्ये खाच पडली की कंपनांचा ताल बदलतो. वंगणतेलाचा नमुना तपासून त्यात धातूचे कण किती आणि कुठल्या धातूचे, ते बघतात. गरम होणारी मोटर किंवा ब्रेक उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दिसतो. दोर चुंबकीय उपकरणातून सरकवला की आत तुटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांचाही माग लागतो. रक्ततपासणी, ईसीजी आणि एमआरआयवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला यातलं काही परकं वाटत नाही.

यातलं सगळ्यात उपयोगी साधन मला भारनोंदीचं वाटतं. कारण मधुमेहाच्या रुग्णांकडून मी एक गोष्ट शिकलो आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत अनेक जण गोड सोडतात, जेवण आवरतं घेतात आणि उपाशीपोटीची साखर छान आणतात. एचबीए१सी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांचं खरं सांगून टाकतं. क्रेनचंही असंच होतं. निरीक्षक यायच्या आधी ग्रीस लागतं, हूक पुसला जातो, रंग मारला जातो. पण पाच टनांच्या क्रेननं गेल्या तीन महिन्यांत सहा टन किती वेळा उचलले, किती वेळा झटक्यानं उचलले, हे भारनोंदीत राहतं. ही नोंद ठेवणारी साधनं आज मिळतात आणि मोठ्या कारखान्यांत ती बसतही आहेत. त्यांचं मी मनापासून स्वागत करतो.

मात्र सेन्सर आले म्हणजे अपघात थांबले, हा जो सूर हल्ली ऐकू येतो, त्याबद्दल डॉक्टर म्हणून मला सावध करावंसं वाटतं.

खोटे इशारे आणि न दिसणारी जागा

पहिला मुद्दा खोट्या इशाऱ्यांचा. समजा, हजार तपासण्यांत खरे दोष दहाच आहेत. यंत्रणा इतकी चांगली, की दहापैकी नऊ दोष पकडते आणि निर्दोष भागांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून दोषी ठरवते. तरीही नऊ खऱ्या इशाऱ्यांबरोबर जवळपास पन्नास खोटे येतील. आजार दुर्मीळ असला की चांगली चाचणीही अशीच वागते, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतो. अतिदक्षता विभागात मॉनिटरचा गजर दिवसभर वाजत असतो. छातीवरचं इलेक्ट्रोड सुटलेलं असतं, नाहीतर रुग्ण कुशीवर वळलेला असतो. हळूहळू माणसांचे कान मरतात, कोणीतरी गजर बंद करतं आणि नेमका खरा गजर हुकतो. कारखान्यात लाल दिवा रोज लागला, तर पंधरा दिवसांत त्याच्यावर चिकटपट्टी येईल. म्हणून इशारा आल्यावर तो खरा की खोटा हे तपासायला एक जाणता फिटर आणि तेवढा वेळ लागतो. सेन्सरच्या किमतीत हा फिटर येत नाही.

दुसरा मुद्दा, सेन्सर जिथे बसवला तिथलंच सांगतो. क्रेन लाखांची असते आणि तिच्या हुकाला अडकवलेली स्लिंग काही शेकड्यांची. कंपनं मोजतात क्रेनची, स्लिंगकडे कोणी बघत नाही. शिवाय स्लिंग कशी बांधली यावरही सगळं अवलंबून असतं. दोन टनांचा लोड दोन सरळ उभ्या पट्ट्यांवर टांगला तर प्रत्येकीवर एक टन येतो. त्याच पट्ट्या फाकून आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन केला, तर प्रत्येकीवर दोन टनांचा ताण येतो. लोड तोच, पट्ट्या त्याच, ताण दुप्पट. हे बांधणाऱ्या हेल्परला कोणी शिकवलेलं असतं का? त्या मुलाला कामावर लागून तीन महिने झाले होते. प्रशिक्षण काय दिलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘बघून बघून शिकलो.’

तिसरा मुद्दा, नजर पोचत नाही ती जागा. लिस्बनमध्ये ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया ही उतारावरची जुनी केबल-ट्राम घसरून १६ जणांचा जीव गेला. ते माल उचलण्याचं यंत्र नाही, पण भार दोरावरच होता. त्याच सकाळी पाहणी झाली होती आणि तीत काही गैर आढळलं नव्हतं. दोर निसटला तो डब्याला जोडलेल्या टोकाशी, जिथे सुटं केल्याशिवाय नजर जातच नाही. पुढे तपासात हेही आलं, की तो दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता. पाहणी झाली, सही झाली, आणि पाहायची गोष्ट पाहण्याच्या टप्प्यातच नव्हती.

आपल्याकडची उदाहरणं विसरायला फार दिवस झालेले नाहीत. विशाखापट्टणमच्या गोदीत १ ऑगस्ट २०२० रोजी मोठी क्रेन चाचणी चालू असतानाच कोसळली आणि ११ जण गेले. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे २०२३ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्री गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण दगावले. त्यानंतर दीड महिना होण्याआधीच, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची कामगारांची लिफ्ट खाली येऊन सात जण गेले. प्रत्येक वेळी कारण वेगळं असेल. पण चाचणी, उभारणी, झीज आणि रोजचा वापर या प्रत्येक टप्प्यावर डोळे लागतात, एकच जादूचं उपकरण सगळं बघत नाही, एवढं तर यातून कळतं.

सही कोणाची, शब्द कोणाचा?

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमानं उचलयंत्रं, साखळ्या, दोर आणि स्लिंग यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा, आणि कारखान्यातल्या लिफ्टची सहा महिन्यांतून एकदा तपासणी बंधनकारक केली. नोंदवही ठेवायला सांगितली. चालत्या क्रेनच्या रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था करायला सांगितलं. आता या कायद्याची जागा नवी कामगार संहिता घेते आहे. चौकट बदलली तरी दोन जुन्या गोष्टी राहतात. विजेवर चालणारा कारखाना कायद्यानं कारखाना ठरायला २० कामगार लागतात, आणि आमच्याकडे येणारे बरेच जखमी त्याहून लहान शेडमधले असतात. दुसरं म्हणजे वर्षातून एकदा दिलेलं प्रमाणपत्र त्या दिवसाचं असतं. ब्रेक त्यानंतर सातव्या महिन्यात घसरू लागला तर प्रमाणपत्र भिंतीवर तसंच लटकत राहतं.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न इशारा मिळण्याचा नाही. त्या शेडमध्ये इशारा आठ दिवस मिळत होता, तोही एकही सेन्सर नसताना. ऑपरेटरच्या बोटांना, हेल्परच्या कानांना तो कळला होता. फक्त त्या इशाऱ्यावर यंत्र थांबवण्याचा अधिकार त्यांच्यातल्या कोणालाही नव्हता. ज्याला तो अधिकार होता त्याच्या डोक्यावर डिस्पॅच होता. उद्या तिथे सेन्सर बसवला, तर तोही त्याच सुपरवायझरच्या मोबाइलवर संदेश पाठवेल. आणि तो म्हणेल, डिस्पॅच झाला की बघू.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर स्वॅबची मोजणी जुळली नाही, तर सिस्टर ज्येष्ठ सर्जनलाही टाके घालू देत नाही. हा हक्क तिला सहज मिळालेला नाही. रुग्णांच्या पोटात स्वॅब राहून गेल्यावर आमचा व्यवसाय हे शिकला. उचलयंत्राखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला असाच हक्क हवा. ब्रेक घसरला की बटणाला लाल पट्टी बांधायची, ती काढायचा अधिकार फक्त दुरुस्त करून तपासणाऱ्याला, आणि थांबवणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. कंत्राटी कामगाराला तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलंच जाणार नाही ही भीती असते. ती भीती असेपर्यंत कुठलीही यंत्रणा मुकीच राहणार.

लहान कारखानदारांची अडचण मला कळते. त्यांना सेन्सर परवडणार नाहीत, पण पुढच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. शिफ्टच्या सुरुवातीला लोड जमिनीपासून वीतभर उचलून थांबवायचा आणि सरकतो का ते बघायचं. सरकला तर खडूनं मोजून तारखेसह लिहायचं. बाद झालेली स्लिंग किंवा दोर तिथल्या तिथे कापून टाकायचा. नुसता कोपऱ्यात टाकला तर घाईच्या दिवशी तोच परत हुकावर चढतो, भंगारात अखंड विकला तर दुसऱ्याच्या शेडमध्ये जातो. दर तिमाहीला तपासलेल्या सामानावर वेगळ्या रंगाची पट्टी मारायची, म्हणजे न तपासलेलं लांबून ओळखू येतं. आणि टांगलेल्या लोडखाली कोणीही, कुठल्याही कारणानं, जायचं नाही. वसाहतीतल्या दहा-वीस कारखान्यांनी मिळून दोर तपासणारा एक जाणकार ठेवला, तर तो खर्चही जड नाही.

आमचा वाटा

शेवटी आम्हा डॉक्टरांबद्दल. इजेचं कारण नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, आयसीडी-१० मध्ये, उचलयंत्रांमुळे झालेल्या इजेसाठी वेगळा संकेतांक आहे, डब्ल्यू २४. ‘जड वस्तू पडून’ एवढं लिहिलं की तो रुग्ण डब्ल्यू २० मध्ये, म्हणजे वरून काहीही पडून जखमी झालेल्यांच्या गर्दीत जातो. मग होईस्टनं किती पाय गेले, हे जिल्ह्याला कधी कळतच नाही. आता मी माझ्या निवासी डॉक्टरांना केसपेपरवर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगतो. नेमकं काय तुटलं किंवा घसरलं? ते शेवटचं कधी तपासलं होतं? आधी कोणाच्या काही लक्षात आलं होतं का? यात दोन मिनिटं जातात. जबाबदारी ठरवणं पोलिसांचं आणि निरीक्षकांचं काम आहे. पण पहिली ताजी हकिगत आमच्याच कानांवर येते, ती कागदावर उतरवणं आमच्या हातात आहे.

वाचकांपैकी कोणी कारखान्यात असेल तर एवढं लक्षात ठेवा. दबलेल्या माणसाला सोडवताना १०८ ला लगेच कळवा आणि किती वाजता दबला, किती वाजता सुटला, हे दोन आकडे डॉक्टरांना सांगा. जखम दिसत नाही, बोलतो आहे म्हणून त्याला घरी नेऊ नका. सलाइन किती लवकर सुरू झालं यावर त्याची मूत्रपिंडं अवलंबून असतात. लघवीचा रंग गडद दिसला तर एक तासही थांबू नका.

परवा तो मुलगा कुबड्यांवर तपासणीला आला होता. क्रिएटिनिन आता ठीक आहे. जयपूर फूटचं माप दिलंय. मामा सोबत होते. शेडमध्ये नवा होईस्ट आला म्हणाले, रजिस्टरही नवं आलं, त्यावर रोज सही होते.

मी विचारलं, ‘मामा, हा सरकायला लागला तर बंद कोण करणार?’

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘ते काही ठरलेलं नाही, साहेब.’